ओलांडलेली फुलं

देवाची आज्ञा पाळण्यात झेफेरिनोचा हात धरणारा आमच्या गावात कुणी नव्हता, आणि हे ज्याला ठाऊक नसेल त्याला झेफेरिनो स्वतःच लवकर ठाऊक करून देई. शुक्रवारी मांस नाही म्हणजे नाही. तरुणपणी चार वर्षं तो पॅरिसजवळ इमारतींच्या कामावर होता. तिथे एका शुक्रवारी मुकादमाने सगळ्यांना सॉसेज वाटले, तर याने आपला सॉसेज कागदात गुंडाळून शनिवारपर्यंत खिशात ठेवला. शनिवारी खाल्ला आणि पोट बिघडून दोन दिवस पडून राहिला. ही गोष्ट तो फार अभिमानाने सांगे. रविवारी द्राक्षाच्या मांडवाला कात्री लावायची नाही, मग आभाळ का फाटेना. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस वाइनचा थेंब नाही. आणि त्या चाळीस दिवसांत त्याच्या बायकोला, इदालिनाला, कधी एकदा ईस्टर येतो असं होऊन जाई. "सोडतात देवासाठी आणि राग काढतात माझ्यावर," असं ती धुण्याच्या हौदावर सगळ्या बायकांदेखत म्हणे.

पेशाने तो पाथरवट. उत्तर पोर्तुगालच्या आमच्या या डोंगरात दगडाला तोटा नाही, तसा त्याच्या कामालाही कधी तोटा पडला नाही. चर्चच्या पायऱ्या त्याच्या हातच्या आहेत, आणि चाळीस वर्षांत एकही हललेली नाही. जोडीला थोडी शेती, मका आणि घेवडा. माणूस वाईट नव्हता. म्हाताऱ्या शेजाऱ्याची पडलेली भिंत तो फुकट बांधून देई, फक्त बांधता बांधता त्याला विचारी, की महिन्यातून चर्चमध्ये मिस्साला कितीदा येतोस.

ईस्टरच्या सकाळी मिस्सा संपली की चर्चमधून क्रूस निघतो आणि घरोघर जातो. एक क्रूस घेऊन फादर नदीपलीकडे जातात. अलीकडच्या गावात दुसरा क्रूस फिरतो, आणि तो एकोणीस वर्षं झेफेरिनोच्या हातात होता, त्याआधी त्याच्या बापाच्या. ज्या घराला क्रूस आत यायला हवा असतो ते घर उंबऱ्यावर फुलं अंथरतं: कॅमेलियाच्या पाकळ्या, बडीशेपेचा हिरवा पाला, घरात असेल ते. ज्यांना नको असतो ते उंबरा तसाच ठेवतात, क्रूस पुढे जातो, आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. बापाने क्रूस हातात देताना एकच गोष्ट बजावली होती. "फुलं दिसली की आत शिरायचं. घर कुणाचं ते बघायचं नाही. घर निवडणारा तू कोण लागून गेलास? तू नुसती खुंटी आहेस, क्रूस टेकवायची."

झेफेरिनोने हे तंतोतंत पाळलं. स्पेनच्या हद्दीवरून चोरून तंबाखू आणणाऱ्याच्या घरी तो गेला. जत्रेत ज्याने त्याचा दात पाडला त्या खाटकाच्या घरीही गेला, त्याच्या ओठांपुढे क्रूस धरला, आणि मग महिनाभर गावाला सांगत फिरला, की बघा, मी गेलो.

आता पाण्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. वर डोंगरात झऱ्याचं पाणी साठवायची दगडी टाकी आहे. जूनमधल्या सेंट जॉनच्या सणापासून सप्टेंबर संपेपर्यंत त्या पाण्याच्या पाळ्या असतात. पणजोबा-खापरपणजोबांनी ठरवलेल्या या पाळ्या कुठल्या कागदावर नाहीत, सगळ्यांच्या डोक्यात आहेत. गुरुवारी सकाळची पाळी झेफेरिनोची. चर्चची बाराची घंटा झाली की त्याने आपल्या शेतात पाणी घेणाऱ्या दाऱ्याला दगड लावायचा, पाणी मुख्य पाटात सोडायचं, आणि ते खाली ग्रासिंदाच्या तुकड्यात जायचं.

ग्रासिंदा झेफेरिनोच्याच वयाची, साठी ओलांडलेली विधवा. लहानपणी दोघांनी पहिला पवित्र प्रसाद एकाच रांगेत, शेजारी उभं राहून घेतला होता. मुलगी स्वित्झर्लंडला हॉटेलात कामाला, ही इथे एकटी. जीभ तिखट, हात चलाख, आणि उंबरा दिवसातून दोनदा झाडायची सवय.

त्या ऑगस्टात पावसाचं नाव नव्हतं आणि झरा करंगळीएवढा झाला होता. गुरुवारी बाराची घंटा झाली. झेफेरिनोने फावडं टेकवलं, टोपी काढली आणि रोजच्यासारखा दुपारच्या प्रार्थनेला उभा राहिला. देवदूताने मरियेला निरोप दिला. पाहा, मी प्रभूची दासी. तुझ्या शब्दाप्रमाणे माझ्या ठायी घडो. आमेन म्हणून त्याने टोपी घातली, दगड उचलायला वाकला, आणि समोर मक्याच्या शेवटच्या आठ ओळी दिसल्या. पाणी तिथवर पोचलं नव्हतं. पानं वळून सुतळीसारखी झाली होती. आठच तर ओळी. दहा मिनिटं. त्याने दगडावरचा हात काढून घेतला.

दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. खालून बांधावरून खांद्यावर कुदळ घेतलेली ग्रासिंदा चढताना दिसली, तेव्हा त्याने धावत जाऊन दगड लावला आणि भराभर माती थापली. ती धापा टाकत येऊन उभी राहिली.

"काय रे, पाणी कुठंय?"

"वर टाकीच आटलीय," झेफेरिनो म्हणाला. "मलाच पुरलं नाही."

ग्रासिंदाने दगडाकडे पाहिलं. भोवतीच्या मातीवर बोटांचे ताजे ठसे होते. मग त्याच्या पायांकडे पाहिलं; पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. शेवटच्या आठ ओळींत पाणी अजून बुडबुडत मुरत होतं, आणि ते दोघांनाही ऐकू येत होतं.

"असेल," ती म्हणाली, आणि आल्या वाटेने परत गेली.

तिचा खालचा तुकडा वाळला. लोक म्हणाले, बाई एकटी, दुपारचा डोळा लागत असेल, पाळीवर येत नसेल वेळेत. झेफेरिनो तिथेच उभा राहून हे ऐकत होता आणि त्याने तोंड उघडलं नाही. ग्रासिंदानेही कुणाकडे चकार शब्द काढला नाही. ती बांधावर उभी राहून ओरडली असती, तर त्याने चार शब्द उलट सुनावले असते आणि दोघं मोकळी झाली असती. पण वाटेत भेटली की ती नेहमीसारखी म्हणे, "काय झेफेरिनो, बरं आहे ना?" आणि हा मान खाली घालून पुढे जाई. ख्रिसमसच्या आधी तो पापनिवेदनाला गेला, ईस्टरच्या आधीही गेला. बायकोवर खेकसलो, प्रवचनात डुलकी लागली, सगळं सांगितलं, पाण्याचं सांगितलं नाही. पाणी काय, देवाचंच, अशी स्वतःची समजूत घातली. आणि दिवस गेले तसा त्याला ग्रासिंदाचा चक्क रागच येऊ लागला. तिचा आवाज कानावर पडला तरी तो दुसऱ्या गल्लीने जाई.

ईस्टर उजाडला. झेफेरिनोने लाल झगा चढवला, चांदीचा जड क्रूस उचलला. घंटा न्हावी बेल्मिरोच्या हातात. या माणसाची जीभ घंटेहून जास्त हलते. पवित्र पाण्याचं भांडं निवृत्त पोस्टमन अबिलिओकडे, आणि हा इतका अबोल की लोकांची पत्रं देतानाही कधी काही बोलला नव्हता. प्रत्येक घरात तेच. "येशू उठला आहे!" "हल्लेलुया!" आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे क्रूसाचा मुका घेतात, अबिलिओ पाणी शिंपडतो, मग टेबलावरचा पिवळाधमक उंच केक, बदाम, आणि पेला. अकरा वाजेपर्यंत बेल्मिरो चौदा घरांचा पाहुणचार पोटात घालून घंटा जरा आडव्या तालात वाजवायला लागला होता. रस्त्याला एक रीत कडक असते: क्रूसाच्या पुढे कुणी जायचं नाही. क्रूस वळेल तिकडे वळायचं.

वळणावर ग्रासिंदाचं घर. तिने या वर्षी फुलं नुसती उंबऱ्यावर नव्हती टाकली. दारापासून रस्त्याच्या कडेपर्यंत लाल पाकळ्या आणि हिरवा पाला असा पट्टाच अंथरला होता. दार सताड उघडं. आत पांढऱ्या कापडावर केक, पेटलेली मेणबत्ती, आणि टेबलाच्या अलीकडे काळ्या कपड्यांत, हात पोटाशी जुळवून, ग्रासिंदा.

झेफेरिनोला ती दिसली आणि त्याच्या मनात एकच आलं. क्रूस हिच्या ओठांशी धरायचा, ती मुका घेणार, आणि मग डोळे वर करून माझ्याकडे बघणार. एवढंच. तेवढं त्याच्याने होईना. त्याने पाय उचलला, एकही पाकळी तुडवली जाणार नाही इतक्या बेताने फुलांचा पट्टा ओलांडला, आणि सरळ पुढे चालू लागला.

"अरे, अरे! ग्रासिंदाकडे?" बेल्मिरो मागून ओरडला.

"घर बंद आहे."

"बंद? डोळे फुटले का तुझे? दार सताड..."

"बंद आहे म्हटलं ना!"

क्रूस थांबला नाही तेव्हा घंटेलाही थांबता येईना. बेल्मिरोने घंटेची जीभ मुठीत धरली आणि मुकाट चालू लागला. अबिलिओ मान खाली घालून फुलांना वळसा घालून गेला. समोरच्या तीन घरांच्या बायका फाटकांत उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

दुपारी घरी इदालिनाने भाजलेला बोकड पुढ्यात ठेवला. चाळीस दिवसांनंतरची वाइन ओतली. झेफेरिनोने काटा हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

"ग्रासिंदाने काय केलंय?" इदालिनाने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही तर क्रूस आत का गेला नाही? अख्खं गाव मला विचारतंय. मी काय सांगू?"

"सांग काहीतरी."

"सांग काहीतरी!" तिने रश्शाचं भांडं आदळलं. "देवाचा क्रूस तुमच्या हातात, आणि सांगायचं मी काहीतरी!"

मंगळवारी तो खिळे आणायला दुकानात गेला. पोत्यांच्या पलीकडे दोघी-तिघी बोलत होत्या, त्यांना तो दिसला नाही. एक म्हणाली, गिरणीवाल्याची ये-जा आहे म्हणे तिच्याकडे. दुसरी म्हणाली, छे, ती घरोघर मासिकं वाटणाऱ्यांच्या पंथात गेलीय, परदेशातल्या मुलीनेच बाटवली. दुकानदारीण वजन करता करता म्हणाली, "काहीतरी असणारच बाई. दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं, चुकून राहिलं. पण झेफेरिनो? तो देवाचा शब्द मोडणारा माणूस नव्हे. त्याने फुलं ओलांडली म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक आहे."

झेफेरिनोने खिळे होते तिथे ठेवले आणि मागच्या मागे बाहेर पडला. रस्त्यावर ऊन होतं, ओळखीचा एक जण त्याला हाक मारत होता, आणि त्याला वाटत होतं, धरणी दुभंगून आत घेईल तर बरं. त्याने साठ वर्षं शुक्रवार पाळून, रविवार पाळून जे नाव मिळवलं होतं, तेच आता दगड होऊन त्या बाईच्या डोक्यात पडत होतं. लोक तिच्यावर संशय घेत होते तो त्याच्या चांगुलपणाच्या भरवशावर.

गुरुवारी इदालिना धुणं घेऊन लवकर परत आली. कपडे अर्धवट पिळलेले होते.

"ग्रासिंदा आली हौदावर," ती म्हणाली. "बायकांनी तिच्या दोन्ही बाजूंचे दगड रिकामे सोडले. कुणी बोललं नाही. तिने सगळं धुणं धुतलं, पिळलं, आणि गेली." मग धुणं खाली ठेवत ती म्हणाली, "मीही सोडला माझा दगड. तुमच्यामुळे."

शुक्रवारी संध्याकाळी झेफेरिनो चर्चमध्ये गेला. फादर वाल्देमार जाडजूड, दमेकरी, आणि बोलायला फटकळ. पापनिवेदनाच्या जाळीआड त्यांचा श्वास भात्यासारखा चालला होता. झेफेरिनोने सगळं सांगितलं, आठ ओळींपासून फुलांपर्यंत. सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की फादरना दोनदा "काय?" म्हणावं लागलं, आणि दोन्ही वेळा त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं: दार उघडं होतं, मी बंद म्हणालो.

"आत का नाही गेलास?"

"तिचं तोंड बघवेना, फादर."

"तिने तुझं बघायचं नव्हतंच. तिने क्रूसाचं बघायचं होतं. तू मध्ये कुठून आलास?"

झेफेरिनोने टोपी हातात चुरगाळली. मग म्हणाला, "मला कडक प्रायश्चित्त द्या. चाळीस दिवस ब्रेड आणि पाण्यावर राहतो. डोंगरावरच्या मरियेच्या देवळापर्यंत गुडघ्यांवर जातो."

"जाशील की. का नाही जाणार? आणि मग वर्षभर गावाला गुडघे दाखवत फिरशील." फादरना खोकला आला, तो संपेपर्यंत झेफेरिनो जाळीकडे बघत राहिला. "उपास तुला सोपा आहे रे, तो तू स्वतः निवडतोस. देवाने तुझ्याकडे मागितलं होतं ते एवढंसं होतं. बारा वाजले, दगड लाव. दार उघडं आहे, आत जा. तेवढंच नेमकं तुला जड गेलं."

झेफेरिनोच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अंधार होता म्हणून बरं.

"रविवारी क्रूस वरच्या पाड्यावर जाईल," फादर म्हणाले. ईस्टरला जी घरं राहतात ती आमच्याकडे पुढच्या रविवारी होतात. "वाट ग्रासिंदाच्या दारावरून आहे. क्रूस तूच धरायचा."

"मी? नको फादर. माझ्या हातात तो शोभत नाही."

"तुला शोभतो का, हे विचारलं मी?"

"पण तिच्या उंबऱ्यावर आता फुलं कुठली असणार? आणि फुलांशिवाय क्रूस आत जात नाही. नियम आहे."

जाळीआडून आला तो आवाज हसण्याचा की दम्याचा, ते झेफेरिनोला कळलं नाही. "मग बाहेर उभा राहा. जितक्यांनी पाहिलं तितक्यांना ऐकू जाईल असं बोल. आणि पाणी घेतलंस ते परत कर. जा आता, माझी सूप प्यायची वेळ झाली."

रविवारी मिस्सा झाली आणि क्रूस निघाला. झेफेरिनो रात्रभर झोपला नव्हता, दाढी करताना हनुवटी कापून घेतली होती. वळणाच्या अलीकडे त्याची पावलं इतकी मंदावली की बेल्मिरो मागून त्याच्या पाठीवर आदळला.

"चल ना रे! का आजही घर बंद आहे?"

झेफेरिनो वळण वळला आणि थांबला. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत फुलं होती. तीच. आठ दिवस उन्हात पडून पाकळ्या तपकिरी झालेल्या, पाल्याच्या काड्या उरलेल्या. दिवसातून दोनदा उंबरा झाडणारी बाई, आणि तिने आठ दिवस तिथे झाडू लावला नव्हता. आल्यागेल्याने बघावं म्हणून, का त्याने परत यावं म्हणून, हे त्याला तेव्हा कळलं नाही, आणि विचारायची हिंमत त्याला पुढेही कधी झाली नाही.

समोरच्या बायका फाटकांत आल्याच. ग्रासिंदा दारात आली. रोजचा एप्रन, हातात बटाटा आणि सुरी.

"काय, आज वाट चुकलात?"

"ग्रासिंदा," झेफेरिनो म्हणाला. बेल्मिरोने घंटा खाली केली. "ग्रासिंदा, ऑगस्टात टाकी आटली नव्हती. तुझ्या पाळीचं पाणी मी घेतलं. आणि गेल्या रविवारी तुझं दार उघडं होतं."

ती बटाटा सोलत राहिली. साल खाली पडली, तेव्हा ती म्हणाली, "हे मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच आहे. माझे डोळे चांगले आहेत." सुरीने तिने रस्त्याकडे दाखवलं. "त्यांना सांग."

झेफेरिनो वळला. तीन फाटकं, सात-आठ बायका, वरच्या पाड्याची मिस्साहून परतणारी माणसं, बेल्मिरो, अबिलिओ. सगळे ओळखीचे, निम्म्या जणांना त्याने कधी ना कधी देवाच्या आज्ञेवरून सुनावलेलं. क्रूस हातात असल्यामुळे तोंड झाकायला हात मोकळा नव्हता. त्याने तेच पुन्हा सांगितलं, मोठ्याने, पाथरवट खाणीत ओरडतो तसं. "मी हिचं पाणी चोरलं! हिने पाहिलं, तरी कुणाला सांगितलं नाही. मला हिच्यासमोर यायची लाज वाटली म्हणून मी फुलं ओलांडून गेलो. हिच्यात काही खोट नाही. खोट माझ्यात आहे!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बेल्मिरो घंटेकडे बघत राहिला. अबिलिओने मात्र, ज्याने आयुष्यात कुणाच्या भानगडीत तोंड घातलं नव्हतं, हळूच म्हटलं, "वळसा मीही घातला, ग्रासिंदाबाई."

"आत या," ग्रासिंदा म्हणाली. "पाय पुसून."

या वेळी फुलांवर पाय द्यावाच लागला. वाळलेल्या पाकळ्या प्रत्येक पावलाला कुरकुरल्या, आणि झेफेरिनोला तो आवाज अख्ख्या गावाला ऐकू जातोय असं वाटलं. आत त्याने "येशू उठला आहे" म्हटलं ते जेमतेम ऐकू आलं. ग्रासिंदाने बटाटा खाली ठेवला, एप्रनला हात पुसले, क्रूसाचा मुका घेतला, आणि मग त्याला ज्याची भीती होती तेच केलं: डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसला असता.

"किती ओळी होत्या?" तिने विचारलं.

"आठ."

"आठ ओळी! अरे मेल्या, आठ ओळींसाठी? मागितलं असतंस तर दिलं नसतं का मी?"

 मागायचं झेफेरिनोच्या मनातच आलं नव्हतं. चोरायचं आलं, खोटं बोलायचं आलं, पण शेजारणीला हाक मारून "अगं, दहा मिनिटं दे" म्हणायचं काही आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते त्याला पुसता येईना. दोन्ही हातांत क्रूस होता. "उन्हाळ्यात माझ्या पाळीतला एक तास तू घे," तो कसाबसा म्हणाला. "दर गुरुवारी."

"तुझा तास नको मला. माझा मला वेळेवर दे."

तिने कपाटातून केक काढला. गेल्या रविवारचा, न कापलेला. कापताना सुरी करकरली. तिघांना तिने तीन जाड तुकडे दिले. अबिलिओने आपला निमूट चावला. बेल्मिरो म्हणाला, "बाई, याला छिन्नी-हातोडा लागेल," आणि ती म्हणाली, "पाथरवट आणलाय ना सोबत." बेल्मिरोने झेफेरिनोच्या हातून क्रूस घेतला, आणि झेफेरिनोने उभ्याने तो आठ दिवसांचा कोरडा ठक्क तुकडा खाल्ला. घास घशात अडकत होता. वाइनचा पेला समोर होता, त्याला त्याने हात लावला नाही. शेवटचा कणही खाल्ला.

पुढे गाव काही सुधारलं नाही. हौदावर ग्रासिंदाच्या शेजारचे दगड पुन्हा भरले, पहिला इदालिनाने भरला. जिथे तिथे आता झेफेरिनोची टिंगल चाले. "झेफेरिनो, टाकी भरलीय का?" असं कुणीही येताजाता विचारी, आणि त्याचे कान लाल होत. शेजाऱ्याची भिंत बांधताना तो आता मिस्साचं विचारत नसे. पॅरिसच्या सॉसेजची गोष्ट त्याने पुन्हा कुणाला सांगितली नाही. पुढच्या ईस्टरला क्रूस दुसऱ्या कुणाला द्या म्हणून तो फादरांकडे गेला, तर फादर म्हणाले, "एवढंसं सांगितलेलं करायचं, तेही तुला अजून जमत नाही का?" मग त्याने क्रूस घेतला.

पण त्याआधी उन्हाळा आला. सेंट जॉनच्या सणानंतरचा पहिला गुरुवार. झेफेरिनो मक्याला पाणी देत, दारं धरून उभा होता. पाऊस बेताचाच झाला होता, आणि शेवटच्या ओळींपर्यंत पाणी पोचायचं होतं. बाराची घंटा सुरू झाली. चाळीस वर्षं तो घंटा झाली की आधी टोपी काढी, प्रार्थना म्हणे, मग दगडाला हात घाली. त्या दिवशी पहिल्याच टोल्याला तो वाकला, दगड उचलून दाऱ्याला लावला, वर माती थापली, पायाने घट्ट दाबली. पाणी वळलं आणि खाली निघालं. मग चिखलाच्या हातांनी त्याने टोपी काढली. तुझ्या शब्दाप्रमाणे माझ्या ठायी घडो, इथवर आला आणि त्याचे कान तापले, कुणी बघत नव्हतं तरी.

तेवढ्यात खालून ग्रासिंदा ओरडली, "आलं रे!"